दोन टिंबं, दोन काड्या

आमच्या हंगेरियन भाषेत चव्वेचाळीस अक्षरं आहेत आणि त्यांतल्या एकाचेही माझ्यावर उपकार नाहीत. हे मी रागाने लिहीत नाही. मी नदीच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे राग आला तरी तो दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरं, इतपतच धरायची सवय लागते.

सुरुवात विवाह नोंदणीच्या कार्यालयात झाली. माझी मुलगी बोर्का आणि तिचा एनेको लग्नाची तारीख घ्यायला निघाले होते. मी सोबत गेले, कारण अशा ठिकाणी पेन कधीच नसतं आणि माझ्या पर्समध्ये नेहमी दोन असतात. एनेको बास्क आहे, उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या गावचा. दोन वर्षांपासून आमच्या गावात, टिसा नदीवर, मुलांना होडी वल्हवायला शिकवतो. मुख्यतः शिट्टीने. हंगेरियन त्याला समजतं बरंचसं, पण बोलायची वेळ आली की तो हसतो, आणि हसू इतकं चांगलं आहे की समोरचा माणूस उत्तर मिळालं असं समजून निघून जातो.

नोंदणीबाई मात्र निघून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मातृभाषा?" त्यांनी विचारलं.

तो स्पॅनिश म्हणाला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. एनेको खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "बास्क."

बाईंनी चष्मा काढला. "मग बास्कचा दुभाषा लागेल."

"त्याला स्पॅनिशही येतं," मी म्हटलं.

"येत असेल. काय काय येतं ते मी विचारलं नाही. मातृभाषा विचारली, त्यांनी सांगितली."

"असा दुभाषा आहे का देशात?"

"एक बाई आहेत बुडापेस्टला. त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. जुळं झालंय." त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, पण ती आमच्या वाट्याची नव्हती. "किंवा मग यांना हंगेरियन येतं अशी माझी खात्री पटू दे. लग्नाच्या आधी एकदा घेऊन या, बोलून बघते."

बाहेर आल्यावर बोर्का म्हणाली, "आई, तू कशाला तोंड पाडतेस? नाही जमलं तर बिल्बाओत करू लग्न. तसंही उन्हाळा संपला की आम्ही तिकडेच जाणार आहोत."

ती हे इतक्या सहज बोलली, जणू या दुकानात पाव संपला तर पुढच्या दुकानातून घेऊ. मला मात्र ते बिल्बाओचं लग्न स्वच्छ दिसलं. माझी एकुलती एक मुलगी काहीतरी म्हणतेय, लोक टाळ्या वाजवतायत आणि मी शेजारणीचं तोंड बघून ठरवतेय की आता हसायचं की डोळे पुसायचे. पोरीचा पहिला शब्द मी ज्या भाषेत ऐकला, त्याच भाषेत तिचा होकार मला ऐकायचा होता. याहून जास्त मागणं नव्हतं.

"मी शिकवते त्याला," मी म्हटलं. "चव्वेचाळीस तर अक्षरं. जसं लिहिलं तसं वाचायचं. शाळेतली मुलं मूलद्रव्यं पाठ करतात, ती याच्या दुपटीहून जास्त असतात."

घरी माझे यजमान डेनेश गळाला आमिष लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मूलद्रव्यं उलट बोलत नाहीत," एवढंच म्हणाले आणि मासे धरायला गेले. पुढचे दोन महिने ते बहुतेक नदीवरच होते.

मी फ्रिजवर तक्ता लावला. पहिले काही धडे इतके उत्तम गेले की मला स्वतःचाच हेवा वाटला. आमच्याकडे एस हे अक्षर एकटं असलं की त्याचा 'श' होतो. त्याच्या मागे झेड येऊन उभा राहिला की 'स'. झेड पुढे आणि एस मागे असला की तिसरंच काहीतरी, जिभेवर विरघळणारा 'झ'. बहुतेक परदेशी इथूनच परतीच्या गाडीला बसतात. एनेकोने हे सगळं एका बैठकीत गिळलं. "आमच्याकडे पण हेच," तो म्हणाला. "थोडं जास्त वाईट." असं म्हणताना त्याची छाती फुगली होती.

फक्त एका ठिकाणी अडला. "काकू, 'य' म्हणायला अक्षर दोन. का?"

"फार पूर्वी उच्चार वेगळे होते."

"आता एकच. मग एक काढून टाका."

"नाही काढता येत."

"का?"

"मग शाळेत मुलांना नापास कशावर करणार?"

त्याने मान डोलावली. त्याच्याही देशात शाळा आहेत.

मग स्वर आले. त्याच्या भाषेत स्वर पाच आहेत. आमच्याकडे चौदा. पाच खोल्यांत वाढलेल्या माणसाला चौदा खोल्यांचं घर दिलं तर उरलेल्या नऊ खोल्यांत तो सामान टाकतो, राहायला जात नाही. नुसत्या ओचे आमच्याकडे चार प्रकार: साधा, डोक्यावर एक काडी असलेला, दोन टिंबं असलेला आणि दोन काड्या असलेला. टिंबं म्हणजे ऱ्हस्व, काड्या म्हणजे दीर्घ. 'उ'चंही तसंच. हा टिंबांचा ओ छापताना नीट उमटत नाही. मी इथे 'यो' लिहीन, वाचकांनी ओठ आपले आपण गोल करून घ्यावेत.

रीत अगदी सोपी आहे. 'ए' म्हणायचं, जीभ आहे तिथेच ठेवायची आणि ओठ ओसारखे गोल करायचे. एनेकोने हे तिन्ही खेळाडूच्या शिस्तीने केलं, पण एकामागून एक. मी आरसा आणला. तोंडात सरबताची नळी दिली. ओठ गोल झाले की जीभ मागे घसरायची, जीभ जागेवर आली की ओठ पसरायचे. दोन्ही एकदम साधले तेव्हा आवाजच बंद झाला. चौथ्या आठवड्यात त्याच्या घशातून जो ध्वनी निघाला तो माझ्या मते कोणत्याच भाषेतला नव्हता. वरच्या मजल्यावरचा कुत्रा तेवढा काहीतरी समजल्यासारखा भुंकला.

अशातच एका रविवारी डेनेशनी त्याला नदीकाठच्या टपरीवर दोन बिअर आणायला पाठवलं. बिअरला आम्ही 'श्योर' म्हणतो. त्यातली टिंबं गळली की उरतो 'शोर', म्हणजे रांग. एनेकोने मोठ्या विश्वासाने दोन शोर मागितले.

"रांग तिकडे आहे," टपरीवाला म्हणाला.

एनेको रांगेत उभा राहिला. आणि दोन मागितल्या होत्या म्हणून, ती संपल्यावर शेजारच्या दुसऱ्या रांगेतही उभा राहिला. बऱ्याच वेळाने तो लॉटरीचं एक तिकीट आणि चीज घातलेली तळलेली पोळी घेऊन घरी आला.

डेनेशनी तिकीट उलटसुलट पाहिलं. "हे थंड करून प्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट आमच्या सगळ्या जिन्याला माहीत झाली होती. आमच्या इमारतीत कपडे वाळत घालायची जागा एकच आहे आणि तिथे कपडे फार कमी वाळतात.

आधी तळमजल्यावरचे येनोकाका आले. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यापासून ते बेकरीत पावही घोषणा केल्यासारखा मागतात. त्यांच्या हातात बूच होतं, दारूच्या बाटलीचं.

"व्हिल्माबाई, लक्ष द्या," ते म्हणाले. "उच्चार हे रसायनशास्त्र नाही. ते फुप्फुसाचं काम आहे. हे दातांत धरायचं आणि बोलायचं. तीन नंबरच्या फलाटावरच्या बहिऱ्या बाईला ऐकू गेलं पाहिजे."

"तो आधीच घाबरलाय, काका."

"मुलगा नाही, शिकवणारा कच्चा आहे. म्हणा बघू तुम्ही, 'पाणी'."

"व्हिज," मी म्हटलं.

"आखूड."

"काय आखूड?"

"तुमची ई. डोक्यावर काडी आहे तिच्या. व्हीऽज. काडी गिळलीत तुम्ही."

मी पश्चिमेकडची आहे, झाला नावाच्या जिल्ह्यातल्या टेकड्यांतली. आमच्याकडे या काड्या सर्रास गिळतात, हे मला माहीत होतं. मी गिळते, हे माहीत नव्हतं. "काका," मी शांतपणे म्हटलं, "मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते."

"तीच तर खेदाची गोष्ट आहे," येनोकाका म्हणाले.

मी आयुष्यभर पाण्यातला लाखावा भाग मोजला आणि त्या पाण्याचं नाव एकदाही पूर्ण घेतलं नाही. ते गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, "व्हीऽज." पाणी तसंच वाहत राहिलं. त्याला माझ्याकडून काही अपेक्षा नसाव्यात.

येनोकाकांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरच्या वेरोन्कामावशी आल्या. त्या या भागातल्या, मळ्यावर वाढलेल्या. इकडची जुनी माणसं बोलताना 'ए'च्या जागी तोच टिंबांचा ओ लावतात. वेरोन्कामावशी तर इतक्या सढळ हाताने लावतात की त्यांच्या वाक्याला घोंगडीसारखी ऊब असते. 'हो' म्हणायला आम्ही 'इगेन' म्हणतो; त्या 'इग्योन' म्हणतात, आणि शहरात कुणी हसलं तर त्याला आणखी दोनदा ऐकवतात.

"आगं व्हिल्मे, पोराला काय नळ्या लावतीस? आजारी हाय का त्यो?" त्या म्हणाल्या. "खायला घाल चांगलं. भाषा पोटातनं वर येती. माज्याकडं धाड त्याला. जर्दाळू आल्यात, बिया काढू दे."

मी नम्रपणे नको म्हटलं. एनेकोला बाजूला घेऊन बजावलं, "मावशी बोलल्या की ऐकून घे. पण उचलू नकोस. त्यांचा ओ सुंदर आहे, पण नको तिथे असतो."

"माझा हवा तिथे नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

येनोकाकांचं बूच मात्र लागू पडलं, म्हणजे व्हायला नको होतं ते झालं. दातांत बूच धरून महिनाभर घोषणा केल्यावर एनेकोच्या तोंडी अखेर तो ओ आला, पण एकाच शब्दापुरता आणि रेल्वेच्या लांबीचा. हा शब्द मीच घोटून घेतला होता, नोंदणीबाईंसाठी. 'भेटून आनंद होतो' याला आम्ही 'योरुल्योक' म्हणतो, टिंबांच्या ओने. त्याच जागी काड्यांचा लांब ओ आला, 'योऽरुल्योक', की अर्थ होतो 'मला वेड लागतंय'. आनंद आणि वेड यांच्यामध्ये आमच्या भाषेने एवढंच अंतर ठेवलं आहे. ज्यांनी ठेवलं त्यांना संसाराचा अनुभव असावा.

मुलाखतीला मी बरोबर गेले. बोलायची मला परवानगी नव्हती. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले.

एनेको उठून उभा राहिला आणि तीन नंबरच्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात नोंदणीबाईंना म्हणाला, "तुम्हाला भेटून मला वेड लागतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा. बोर्काशी लग्न का करायचं ठरवलं?"

"तिला पहिल्यांदा पाहिलं. वेड लागलं."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी पाहिलं. परत वेड लागलं. जास्त."

"घरच्या मंडळींना भेटलात?"

"भेटलो. सगळ्यांना भेटून वेड लागलं." त्याने माझ्याकडे वळून ते हसू हसलं. "व्हिल्माकाकूंना भेटून सगळ्यात जास्त. रोज लागतं. दोन महिने."

नोंदणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या कार्यालयात पहिल्यांदाच मला थोडी सहानुभूती मिळाली, पण ती मुलाकडे जाता जाता माझ्यावर सांडलेली होती.

"यांना माझं सगळं कळतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मला यांचं कळतं की नाही ते सांगता येत नाही. असं करू. तारीख ठेवते. पण त्या दिवशी मी प्रश्न विचारला की मला स्पष्ट, निःसंशय 'इगेन' ऐकू आलं पाहिजे. शंका आली तर मी तिथेच थांबवीन. पाहुणे असोत, नाहीतर केक असो."

आम्ही रस्त्यावर आलो. मग 'इगेन' हा शब्द मनात उलटून पाहिला आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्यात एक 'इ', एक 'ए'. दोन्ही स्वर त्याचे घरचे. टिंब नाही, काडी नाही. कुणीही म्हणू शकेल असा शब्द. मी तिथल्या तिथे त्याच्याकडून वदवून घेतला. "इगेन," तो म्हणाला. निर्दोष. मी घरी येऊन तक्ता काढला, आरसा जागेवर ठेवला आणि शिकवणी संपल्याचं जाहीर केलं. "आता लग्नापर्यंत काही शिकू नकोस," मी म्हटलं. "कृपा कर."

मोकळा झालेला एनेको दुपारी वेरोन्कामावशींकडे जर्दाळूच्या बिया काढायला जाऊ लागला. मी हरकत घेतली नाही. जॅम ढवळणाऱ्या माणसाला स्वरांची गरज पडत नाही, असा माझा हिशेब होता. जिन्यातून जाताना मावशींचा आवाज ऐकू यायचा, "साखर घालू का रं अजून?" आणि मग थोडा वेळ काहीच नाही. तो मान हलवत असेल असं मी धरून चालले. निरीक्षण न करता निष्कर्ष काढला म्हणून मी प्रयोगशाळेत दोन मुलींना रडवलं आहे.

लग्नाच्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि उकडत होतं. एनेकोचे आईवडील बिल्बाओहून आले होते. आमची अजून नीट ओळखही झाली नव्हती, कारण ते थेट स्टेशनवरून आले आणि येनोकाकांनी त्यांना वाटेत गाठलं. पहिल्या रांगेत मी, डेनेश, मागे येनोकाका आणि वेरोन्कामावशी. नोंदणीबाईंनी खांद्यावरून हंगेरीच्या झेंड्याचा तिरंगी पट्टा घातला होता. त्या अधिकच कडक दिसत होत्या.

"एनेको," त्यांनी विचारलं, "इथे हजर असलेल्या बोर्काचा तुम्ही पत्नी म्हणून स्वीकार करता का?"

मी त्याच्या ओठांकडे बघत होते. दोन महिन्यांची सवय. 'इ' झाला, बरोबर झाला. आता ओठ आडवे पसरायला हवे होते. ते गोल व्हायला लागले. प्रयोगशाळेत शेवटचा थेंब पडायला नको असतो आणि पडताना दिसतो, तसं ते मला आवाजाच्या आधी दिसलं.

"इग्योन," एनेको म्हणाला.

काय ओ होता तो. जीभ पुढे, ओठ गोल, लांबी अचूक, दोन्ही टिंबं जागच्या जागी. ज्याच्यासाठी मी आरसा, नळी आणि स्वतःचा स्वाभिमान खर्च केला, तो आला. आणि ज्या एका शब्दात त्याचं काहीही काम नव्हतं, त्या शब्दात आला.

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. "उच्चार स्वच्छ," येनोकाका मागून पुटपुटले. "शब्द चुकला."

"काय चुकला? बराबर हाय त्यो," वेरोन्कामावशी म्हणाल्या. त्या पुटपुटल्या नाहीत.

नोंदणीबाईंचं पेन हवेत थांबलं होतं. "पुन्हा सांगा."

एनेकोला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने श्वास भरून घेतला. "इग्योन."

डेनेशनी माझा हात धरला. लग्न झाल्यापासून त्यांनी तो दोनदा धरला असेल. मी मनात बिल्बाओच्या विमानाचा विचार करायला लागले. तिथल्या सभागृहात मला कोणत्या रांगेत बसवतील, हसायची वेळ कोण सांगेल, वगैरे.

नोंदणीबाईंनी चष्मा सारखा केला. मग त्या बोर्काकडे वळल्या. "बोर्का, इथे हजर असलेल्या एनेकोचा तुम्ही पती म्हणून स्वीकार करता का?"

बोर्काला मी लहानपणापासून मावशींच्या बोलीपासून जपलं होतं. शाळेत तिला कविता म्हणण्याची बक्षिसं मिळाली. तिने आधी एनेकोकडे पाहिलं, त्याच्या कपाळावर घाम होता. मग माझ्याकडे पाहिलं, जरा माफी मागितल्यासारखं. आणि मग सरळ नोंदणीबाईंकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाली, "इग्योन."

आता कुणी हसलं नाही.

"दोघांची उत्तरं जुळतात," नोंदणीबाई म्हणाल्या. त्यांनी पेन टेकवलं. "उत्तर स्पष्ट पाहिजे असं नियमात आहे. कोणत्या बोलीतलं पाहिजे, ते लिहिलेलं नाही."

मग टाळ्या झाल्या, आणि मला कुणाकडे बघून ठरवावं लागलं नाही, डोळे आपोआप भरले. मला मुलीचा होकार तिच्या भाषेत ऐकायचा होता आणि तो मी ऐकला. माझ्या दोन महिन्यांच्या शिकवणीतलं एकही अक्षर त्यात नव्हतं, ही गोष्ट वेगळी. वेरोन्कामावशी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "रडू नगंस गं. एक जर्दाळूची बरणी तुलाबी ठेवलीया." येनोकाकांनी वधूवरांना दाराकडे जाण्याची सूचना दोनदा दिली.

त्या गर्दीतून एनेकोची आई माझ्याकडे आली. माझ्याच उंचीची, माझ्याच वयाची, डोळे माझ्यासारखेच लाल. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. माझ्यासाठी तिने एक हंगेरियन वाक्य पाठ केलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. कुणी शिकवलं ते तिने तोंड उघडल्यावर कळलं, कारण ते तीन नंबरच्या फलाटापर्यंत गेलं.

"योऽरुल्योक," ती म्हणाली.

मी तिला सुधारू शकले असते. टिंबं कुठे, काड्या कुठे, ओठ किती, जीभ कुठवर, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मी तिचे हात घट्ट धरले आणि तेच क्रियापद, दोन्ही काड्यांसकट, जसंच्या तसं तिला परत केलं.

"बघा," मागून येनोकाका म्हणाले. "आता कशी काडी पूर्ण लागली."